भावाच्या दाराशी अडलेली प्रार्थना

वाचकाचं पत्र :

सलाम. मी ४३ वर्षांची, नागपूरला मोहननगरात राहते, एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लहानपणापासून चर्चमध्येच वाढले. क्वायरमध्ये गाते, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते, महिला मंडळात आहे, कमिटीची खजिनदारही आहे. सकाळी साडेपाचला उठून प्रार्थना करते, मोबाइलवर रोजचं वचन येतं, रात्री यूट्यूबवर संदेश ऐकते. पण गेलं वर्षभर आत काही हलतच नाही. प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. यंदा पूर्ण बायबल वाचायचं ठरवलं होतं, ते लेवीयच्या तेराव्या अध्यायात अडकलं. एक मैत्रीण म्हणते, आमच्या फेलोशिपला ये, तिथे लोक रडतात, मोकळे होतात. जावंसं वाटतं. ऑफिसातली माझी बौद्ध मैत्रीण दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला जाते. परत येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं त्याचा मला हेवा वाटतो.

वडील आधीच गेले, आईला जाऊन सव्वा वर्ष झालं. आईच्या दोन खोल्या भावाने मला न विचारता भाड्याने दिल्या, भाडं तोच ठेवतो. तेव्हापासून बोलणं बंद. ख्रिसमसला वहिनीने फराळाचा डबा पाठवला होता, तो मी न उघडता परत केला. पण तो वेगळा विषय आहे. मला एवढंच सांगा, ख्रिस्ताशी जोडलेलं राहायचं कसं? आणि ऑफिसात ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर :

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी अधोरेखित करून ठेवली आहे. 'पण तो वेगळा विषय आहे.' मला वाटतं, पत्राचा खरा विषय तोच आहे, आणि फिरून फिरून मी तिथेच येणार आहे. पण पहिल्याच वाक्यात तिथे गेले तर तुम्ही म्हणाल, एवढं मन मोकळं केलं आणि या बाईंनी मलाच पिंजऱ्यात उभं केलं. म्हणून आधी त्या कोरडेपणाचं बोलू.

प्रार्थनेत काही जाणवत नाही म्हणून देव उठून गेला असं होत नाही. तुमचा विश्वास संपला असंही होत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची जी रीत पडली आहे तिने या बाबतीत थोडं नुकसान केलंय. साक्षीला उभा राहिलेला माणूस कायम अंधारातून निघून उजेडात पोचलेला असतो. जो अजून अंधारातच चाचपडतोय त्याच्या हाती कुणी माइक देत नाही. स्तोत्रसंहितेत मात्र असा भेदभाव नाही. दीडशे स्तोत्रांत तक्रारीची, विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. तेरावं स्तोत्र 'कुठवर विसरणार मला' असं थेट देवालाच विचारत सुरू होतं. शेवटी ते गाण्यावर येतं तरी. अठ्ठ्याऐंशीवं तेवढंही सावरत नाही. त्याची शेवटची ओळ अंधाराची आहे, आणि तिथे ते संपतं. ज्यांनी हा संग्रह जपला त्यांनी ते स्तोत्र वगळलं नाही, शेवटी आशेच्या दोन ओळी जोडून गोडही केलं नाही. उपासनेत म्हणायला तसंच ठेवलं. सकाळी भिंत समोर आली की ते मोठ्याने वाचा. या भिंतीशी बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत, एवढं तरी कळेल.

पंडिता रमाबाई तर आपल्या घरच्याच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म मिळाला, तो पटलाही होता, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही हे आठ वर्षांनी उमगलं. त्या आठ वर्षांत बाई हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं, लोकांचे बोल खाल्ले. नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणि विधवांना त्या पुण्याजवळच्या केडगावला घेऊन गेल्या. आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबल्या. इतक्या तयारीच्या, इतक्या विद्वान बाईला आपल्या श्रद्धेत काहीतरी कमी आहे हे छापून सांगायला लाज वाटली नाही. तुम्ही एका पत्रात मला सांगितलंत, त्यातही संकोचायचं कारण नाही.

काटोल-नरखेडकडे कुणी संत्र्याचे बागवाले ओळखीचे असतील तर त्यांना ताणाबद्दल विचारा. बहार धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडतात, आंबियासाठी हिवाळ्यात, मृगासाठी उन्हाळ्यात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवख्या माणसाला वाटतं, बाग गेली. मग पाणी मिळतं आणि काही आठवड्यांत झाड फुलावर येतं. तुमचं पाणी देवानेच तोडलं असं मी म्हणणार नाही. देवाच्या मनातलं परस्पर सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. मी एवढंच पाहते की ताणावरचं झाड मेलेलं नसतं, आणि शहाणा बागवान त्या दिवसांत ते उपटून दुसऱ्या वावरात लावायला जात नाही.

म्हणून मैत्रिणीच्या फेलोशिपबद्दल माझं मत सरळ आहे. सध्या मंडळी बदलू नका. सोळाव्या शतकातले कॅथलिक संत, लोयोलाचे इग्नेशियस, यांनी साधकांसाठी एक नियम घालून दिला होता. मन उजाड झालेलं असताना, आधी शांत मनाने घेतलेला कोणताही निर्णय फिरवायचा नाही. आपण बहुतेक प्रॉटेस्टंट घरांतली माणसं त्यांच्या वाटेला फारसे जात नाही, पण नियम लाख मोलाचा आहे. एखाद्या रविवारी संध्याकाळी मैत्रिणीसोबत जाऊन या, गा, रडू आलं तर रडा. त्यात वाईट काही नाही. पण रडू आलं म्हणजे ख्रिस्त भेटला आणि नाही आलं म्हणजे दुरावला, असा हिशेब मांडायला लागलात तर त्या हॉलमध्येही वर्षभरात भिंत उभी राहील. मग तिसरी फेलोशिप शोधाल.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आईचं दुःख सव्वा वर्षात निवतंच असं नाही. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीच्या कशातच मन रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला आध्यात्मिक नाव देऊन अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे गेल्याने विश्वास कमी ठरत नाही. तिसरं शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे त्या लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो.

आता तुमचा प्रश्न. जोडलेलं राहायचं कसं?

हे बोलणं आपल्याला ठाऊक आहे ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातून. मी वेल, तुम्ही फाटे, माझ्यात राहा. आपण ते फ्रेम करून हॉलमध्ये लावतो, कॅलेंडरवर छापतो, आणि तिथेच थांबतो. पुढच्या ओळी वाचल्या की ते कॅलेंडरवर मावत नाही. माझ्या प्रीतीत राहा, असं येशू म्हणतो. कसं राहायचं? माझ्या आज्ञा पाळून. कोणती आज्ञा? मी तुमच्यावर प्रीती केली तशी एकमेकांवर करा. म्हणजे ज्या अध्यायाचा आधार घेऊन तुम्ही 'जोडलेलं कसं राहू' असं विचारता, त्या अध्यायाचं उत्तर थेट माणसांकडे बोट दाखवतं. पहाटे किती वाजता उठायचं हे तिथे सांगितलेलं नाही. मनात ऊब जाणवली पाहिजे अशी अटही घातलेली नाही.

आणि हे ऐकणारी माणसं कोण होती ते बघा. तीच शेवटच्या भोजनाची रात्र. लूक सांगतो की त्याच रात्री त्याच मेजाशी शिष्यांमध्ये वाद पेटला होता, आपल्यात मोठा कोण यावरून. काही तासांत एक जण येशूला नाकारणार होता, बाकीचे पळणार होते. अशा भांडकुदळ घरात बसून येशूने वेलीची गोष्ट सांगितली. आईच्या दोन खोल्यांवरून अबोला धरलेली भावंडं त्याला नवीन नव्हती.

डोंगरावरच्या प्रवचनात तर तो अधिक रोखठोक आहे. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. आपण हे इतक्यांदा ऐकलंय की त्यातला धक्का निघून गेलाय. हे बोलणं गालीलात चाललं होतं. वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. गालीलातला माणूस तिथे पायी पोचायचा तर तीन-चार दिवस लागायचे. म्हणजे अर्पणाचं जनावर तिथेच सोडून पुन्हा तीन-चार दिवस घरी चालत जा, भावाशी बोल, आणि पुन्हा तेवढेच दिवस चालत ये. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्कीच हसलं असेल. यात आणखी एक मेख आहे. तुला भावाचा राग आला असेल तर, असं वाक्य नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. चूक कुणाची हे ठरवायला येशू थांबतच नाही.

तुमच्या भावाचं घर कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. हिंगणा रोडला असलं तरी झिरो माइलला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, लोकमान्य नगरला उतरायचं. गालीलपेक्षा बरं आहे.

माझ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला. त्या डब्याचं काय? भांडण तुमचं आणि भावाचं. वहिनीने काय केलं होतं? ख्रिसमसच्या आठवड्यात आपल्याकडे बाईच्या जिवाला किती ताप असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. करंज्या तळायच्या, शंकरपाळे, केक, पाहुणे, मुलांचे कपडे, रात्रीची कॅरल. त्या सगळ्यातून तिने नणंदेसाठी डबा भरला. बहुधा नवऱ्याची नाराजी पत्करून भरला असेल, बहुधा त्याला न सांगताही. समेटाचं पहिलं पाऊल तुमच्या दाराशी आलं होतं, आणि तुम्ही ते झाकण न काढता परत पाठवलंत. म्हणून आधी वहिनीची माफी मागा, भावाचं नंतर बघू. फोनवर नको, समोर जाऊन. 'डबा परत पाठवला ते माझं चुकलं' एवढंच बोला. त्याला 'पण तुम्हीही' असं शेपूट लावू नका. शेपूट लावलं की ती माफी राहत नाही, पहिली फेरी होते.

जाताना कागदपत्रं नेऊ नका. पाळकसाहेबांनाही नेऊ नका, आणि महिला मंडळात तर अवाक्षर काढू नका, अगदी 'प्रार्थनेसाठी सांगते' म्हणूनसुद्धा नाही. आपल्याकडे अर्ध्या चुगल्या प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली फिरतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलायचं. जमलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्यायचं. मंडळीपर्यंत जायचं ते अगदी शेवटी. आपण नेमकं उलट करतो, सगळ्या मंडळीला ठाऊक झाल्यावर भावाला कळतं.

घराचा प्रश्न यात बुडवायचा नाही, हेही ऐका. ख्रिस्ती बाईने क्षमा करायची म्हणजे हक्क सोडायचा, असं तुम्हाला कुणी सांगेल. बहुतेक वेळा सांगणारा पुरुष असेल. ते मानू नका. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. आईने मृत्युपत्र केलं नसेल आणि वडील आधीच गेलेले असतील, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. भाड्याचा हिशेब मागणं हा राग काढणं नव्हे, आणि तो मागायचा म्हणून अबोलाही लागत नाही. पण त्याच भेटीत विषय काढू नका. महिना-दोन महिने जाऊ द्या, येणं-जाणं सुरू होऊ द्या, मग दोघं बसून बोला. जमलं नाही तर वकिलाचा सल्ला घ्या. कायद्याच्या कागदावर सही करून त्याच दिवशी एका ताटात जेवणारी भावंडं मी पाहिली आहेत, आणि एक पैसाही वादात नसताना तोंड न बघणारीही.

दार उघडलंच नाही तर? तसंही होऊ शकतं. पौल रोमकरांना लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. त्या 'तुमच्याकडून होईल तितकं' मध्ये मोठी दया आहे. तुमचा भाग तुम्ही केला की पुढचा त्याचा. डबा घेऊन जा, त्याने परत पाठवला तर शांतपणे परत आणा. ईस्टरला पुन्हा न्या.

आता तुम्ही म्हणाल, मी देवाबद्दल विचारलं आणि तुम्ही भावाबद्दल बोलताय. पण रोज सकाळी साडेपाचला तुम्ही प्रभूची प्रार्थना म्हणता ना? त्यात जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, असं म्हणता. त्या साऱ्या प्रार्थनेत एवढी एकच मागणी आहे जिच्यावर येशू लगेच पुढे आणखी बोलतो. तुम्ही माणसांना क्षमा केलीत तर पिता तुम्हाला करेल, नाही केलीत तर नाही. भाकरीबद्दल तो जास्त काही सांगत नाही, मोहाबद्दलही नाही. क्षमेवर मात्र थांबतो. तुम्ही वर्षभर रोज सकाळी ती ओळ म्हणताय, आणि म्हणताना मनात भाऊ येत असणारच. तो मनात आला की आपण पटकन पुढच्या ओळीवर सरकतो. भिंत उभी राहते ती बहुधा तिथेच. शिक्षा म्हणून नाही. एका माणसाकडे पाठ फिरवायला इतकी ताकद लागते की बाकी कुठे वळायला ती उरतच नाही.

लेवीयचं ऐकून मला हसू आलं, कारण दरवर्षी जानेवारीत बायबल सुरू करणारी निम्मी मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथेच रुतते. तेरावा आणि चौदावा अध्याय म्हणजे त्वचेचे डाग, कपड्यांवरची बुरशी, घराच्या भिंतींवरचा चट्टा. पण तुम्ही जिथे थांबलात तिथून सहाच अध्याय पुढे, एकोणिसाव्यात, सतराव्या-अठराव्या वचनांत काय लिहिलंय ते आज रात्री काढून बघा. आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको. सूड घेऊ नको, मनात अढी धरू नको. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. येशूने जी दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली ती या वाचायला कंटाळवाण्या पुस्तकातून उचललेली आहे. ते वाचून झालं की वर्षभराचा तक्ता फाडून टाका. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळा अध्यायांचं, चारांत सगळ्यात लहान. एका बैठकीतही वाचून होतं. पण तुम्ही रोज दहा-बारा वचनंच वाचा आणि तेवढ्यावर मन लावा. रात्रीचे यूट्यूबवरचे संदेश काही दिवस बंद ठेवा. तीन-तीन उपदेशकांचे आवाज कानात असल्यावर प्रार्थनेत शांतता कुठून येणार?

पहाटेची वेळ पाळताय ती पाळा, पण लांबवू नका. एक स्तोत्र, एक उतारा, प्रभूची प्रार्थना सावकाश, आणि भावाचं नाव. भावाला सुबुद्धी दे, असं मागू नका, ती मागणी फसवी असते. त्याच्या कामाबद्दल मागा, मुलांच्या अभ्यासाबद्दल मागा, त्याच्या गुडघ्याचं दुखणं असेल तर त्याबद्दल मागा. रविवारच्या प्रभुभोजनाला जावं की नाही हा विचार तुमच्या मनात आला असेल. मला वाटतं, जावं. पण हे तुमच्या पाळकांशी एकदा स्वतंत्र बोला, हा अधिकार त्यांचा आहे.

ऑफिसचं. 'साक्ष कशी देऊ' याची धास्ती घेऊन माणसं टेबलावर वचनाचं स्टिकर लावतात आणि समोरच्या पालकावर खेकसतात. तुम्ही शाळेच्या खिडकीमागे बसता. तिथे फी भरायला मुदत मागणारा बाप येतो, टीसीसाठी चौथ्यांदा चक्कर मारणारी आजी येते, फॉर्म भरता येत नाही म्हणून ओशाळलेली आई येते. त्यांना इतरांसमोर कमीपणा न येऊ देता काम करून देणं, 'उद्या या' न म्हणता आजच करून देणं, आणि करता येण्यासारखं नसेल तर तसं खरं सांगणं, ही तुमच्या खुर्चीची साक्ष आहे. टेम्पल रोडवरून जाताना हिस्लॉप कॉलेज दिसतं ना? ज्यांच्या नावाचं ते आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून इथे आले, शाळा काढल्या, या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी लिहून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटला पुरातन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. सोबतचे लोक पुढे निघाले, हे गावातली शाळा तपासायला मागे थांबले, आणि रात्री एकटे घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं काम प्रवचन नव्हतं. एका खेड्यातली पोरं वाचतात का, ते पाहणं होतं. शाळेच्या लिपिकाला हे कळायला जड जाऊ नये.

आणि तुमची बौद्ध मैत्रीण. हेवा वाटतो म्हणता, मग येत्या दसऱ्याला तिच्यासोबत जा. १९५६ पासून लाखो माणसं त्या दिवशी आपल्या शहरात येतात, कितीतरी जण रात्रभर प्रवास करून. पिणाऱ्याला पाण्याचा ग्लास हवा असतो, ग्लास कुणाच्या हातातून आला हे तो विचारत नाही. येशूनेही थंड पाण्याच्या एका प्याल्याची नोंद ठेवली आहे. जाताना पर्समध्ये पत्रकं नेऊ नका, मोबाइलवर रील काढू नका. तिचा दिवस आहे, ती सांगेल ते करा. पिंप उचला, ग्लास विसळा. तिच्या चेहऱ्यावर काय असतं ते जवळून बघायला मिळेल.

राहिली तुमची कामं. क्वायर, शब्बाथ शाळा, महिला मंडळ, कमिटी. इतक्या ठिकाणी प्रभूसाठी धावताना प्रभूशी बोलायला सवड मिळत नाही, ही गत येशूच्या पाहुणचारात गुंतून गेलेल्या मार्थापासून चालत आली आहे. क्वायर सोडू नका, गाणं हीसुद्धा प्रार्थना आहे आणि स्वतःची प्रार्थना सुचत नाही तेव्हा दुसऱ्याने लिहिलेली ओळ तोंडात असलेली बरी. शब्बाथ शाळेतली मुलंही सोडू नका, ती असले प्रश्न विचारतात की तुम्हाला पुन्हा विचार करावा लागेल. महिला मंडळाला महिन्यातून एकदा गेलात तरी चालेल. खजिनदारपद मात्र सोडा. तुमच्यावाचून मंडळीचं काही अडणार नाही, आणि अडलंच तर ते तारणाचं नसून वीजबिलाचं असेल. फक्त हिशेब तपासून झाल्याशिवाय आणि पावतीपुस्तकं पुढच्या माणसाच्या हातात सही घेऊन दिल्याशिवाय राजीनामा देऊ नका. अर्धवट हिशेब मागे ठेवून गेलेल्या खजिनदाराची चर्चा आपल्याकडे दहा वर्षं चालते, आणि तुमच्याकडे आत्ता एक भांडण आहे तेवढं पुरे.